सानुकीचा उदोन: नाव एका गावाचं, गहू दुसऱ्या खंडातला, दुकान तिसऱ्याच जिल्ह्याचं

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात ज्यांनी एखादा रविवार घालवलाय, त्यांच्या कानावर ओकायामा हे नाव गेलेलं असतं. ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेली आहे. त्या ओकायामाच्या स्टेशनात ‘मरिन लायनर’ गाडीत बसलं, की वाटेत १९८८ साली खुला झालेला सेतो महापूल लागतो. खाली समुद्र, समुद्रात बेटं, आणि तासाभराच्या आत तुम्ही शिकोकु बेटावरच्या ताकामात्सुला उतरलेले असता. हा कागावा प्रांत, जपानमधला सर्वांत छोटा. क्षेत्रफळ १,८७७ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जेमतेम निम्मं. वस्ती नऊ लाखांच्या आसपास. जुनं नाव सानुकी.

एवढ्याशा प्रांतात उदोनची पाचशेच्या वर दुकानं आहेत. उदोन म्हणजे गव्हाच्या पिठाची, करंगळीहून थोडी बारीक, पांढरी, गुळगुळीत शेवई. काही दुकानं पहाटे पाच-सहाला उघडतात आणि दुपारी एक-दोनला पीठ संपलं की पाटी उलटी करून बंद होतात. त्यातली बरीचशी मुळात हॉटेलं नव्हतीच. ते शेवया करून किराणा दुकानांना आणि शाळांना पुरवणारे कारखाने. शेजारीपाजारी वाडगं घेऊन यायचे, ‘दे दोन मुठी’ म्हणायचे आणि तिथेच उभ्यानं खायचे. त्यातूनच आजची ‘सेल्फ’ पद्धत रुळली. वाडग्यात शेवयांचा गोळा पडतो. तो बांबूच्या किंवा तारेच्या दांडीवाल्या गाळणीत घालायचा, उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचा, झटकायचा आणि परत वाडग्यात घ्यायचा. मग टाकीच्या तोटीखाली वाडगं धरून रस्सा सोडायचा, वरून पातीचा कांदा आणि किसलेलं आलं. बाजूच्या ताटातलं तळण हवं तर उचलायचं. पैसे देऊन बसायचं, सुर्र करत पाच मिनिटांत संपवायचं आणि वाडगं स्वतःच परत ठेवायचं. साधं वाडगं अजूनही ३०० येनच्या आसपास मिळतं.

आता पेच असा की हा पदार्थ जगभर नेला तो कागावातल्या कोणी नाही. २००० साली समुद्रापलीकडच्या ह्योगो प्रांतातल्या काकोगावा गावात ‘मारुगामे सेइमेन’ नावाचं दुकान निघालं. मारुगामे हे कागावातलं किल्ल्याचं शहर, सेइमेन म्हणजे शेवयांचा कारखाना. चालवणारी कंपनी तोरिदोल. तिची सुरुवात १९८५ साली याकितोरीवर, म्हणजे काडीला लावून भाजलेल्या कोंबडीवर झाली होती. २०११ साली हीच साखळी होनोलुलुच्या वाइकिकी भागात पोचली आणि पहिल्यापासून तिथे फुटपाथभर रांग. २०२१ साली लंडन. जपानमध्ये आठशेहून अधिक शाखा झाल्या, पण वर्षानुवर्षे खुद्द मारुगामे शहरात एकही नाही. कोल्हापूरबाहेरच्या ‘अस्सल कोल्हापुरी’ पाट्या बघत मोठ्या झालेल्या माणसाला यात नवल वाटू नये. तरी हे प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं आहे, कारण ‘अस्सल’ म्हणजे नक्की काय, हे कागावालाही धड सांगता येत नाही.

जमिनीपासून सुरुवात करू. सेतो समुद्राच्या दोन्ही बाजूंना डोंगर असल्यानं इथे पाऊस कमी पडतो. नद्या आखूड, त्यामुळे पाणी टिकत नाही. म्हणून कागावा तळ्यांचा प्रदेश आहे. माणसांनी खोदलेली बारा हजारांहून अधिक तळी. त्यातलं सर्वांत नामांकित मान्नो तळं. त्याचा फुटलेला बांध ८२१ साली कूकाई या बौद्ध आचार्यांनी दुरुस्त करून दिला. कूकाई इथलेच, ८०४ साली चीनला जाऊन आलेले, आणि उदोन त्यांनीच आणला असं कागावात कोणीही सांगेल. त्याला पुरावा नाही. आपल्याकडे जशी प्रत्येक जुनी विहीर पांडवांनी खोदलेली असते, त्यातलीच ही गोष्ट. चित्रातला पुरावा सापडतो तो सतराव्या शतकाच्या अखेरीचा. कोनपिरा देवस्थानाच्या जत्रेचा एक चित्रपडदा आहे, त्यात रस्त्याकडेला उदोनची तीन दुकानं रंगवलेली आहेत. म्हणजे देवाला आलेल्या यात्रेकरूंचं हे खाणं.

पाणी कमी म्हणून भातानंतर हिवाळ्यात गहू. ऊन भरपूर म्हणून साकाइदेच्या किनाऱ्यावर मिठागरं. शोदोशिमा बेटावर चारशे वर्षांची सोया सॉसची परंपरा. आणि रश्शासाठी इबुकिजिमा बेटाची इरिको, म्हणजे उकडून वाळवलेली छोटी मासळी. आपली मांदेली ज्या कुळातली, त्याच अँकोव्ही कुळातली. बोट लागली की मासळी तिथेच बेटावर उकडून वाळवायला टाकतात. मधे वेळ गेला तर पोट फुटतं आणि रस्सा कडू होतो. तोक्योकडचा रस्सा कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरी दिलेल्या बोनिटो माशाचा. कागावाच्या रश्शाला इरिकोचा उग्र, समुद्री वास. मालवणी माणसाला तो पहिल्याच घोटाला ओळखीचा वाटेल. पुणेरी माणूस कदाचित वाडगं थोडं लांब धरेल.

गहू, मीठ, मासळी, सोया, चारही वस्तू हाकेच्या अंतरावर. ‘मातीचा पदार्थ’ म्हणतात तो हाच, असं वाटतं ना? इथेच गोष्ट फिरते.

१९६३ साली ऐन कापणीच्या दिवसांत पाऊस हटेना. जपानभर गव्हाची नासाडी झाली आणि आधीच परवडेनासं झालेलं ते पीक शेतकऱ्यांनी सोडायला सुरुवात केली. गिरण्यांनी परदेशी गहू शोधला. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातला एक गहू कागावात रुळला. एएसडब्ल्यू या नावानं तो आजही ओळखला जातो. त्याच्या पिठातल्या स्टार्चमध्ये अ‍ॅमिलोज कमी असतो, त्यामुळे शिजल्यावर त्याला मोचीसारखी, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यासारखी ताणली जाणारी चिवट मऊ पकड येते. रंग स्वच्छ, हलका पिवळसर पांढरा. थोडक्यात, सानुकी उदोनला त्याच्या गावच्या गव्हापेक्षा पर्थकडचा गहू जास्त मानवला. आज जगभरातून लोक कागावात येऊन ज्या घासावर फिदा होतात, तो बहुतांशी ऑस्ट्रेलियन गव्हाचा असतो. जपानला जाणारा हा गहू पिकवताना पश्चिम ऑस्ट्रेलियातले शेतकरी आणि गहू-संशोधक जपानी गिरण्यांच्या पसंतीकडे बघून वाण निवडतात, हा त्यातला मजेशीर भाग.

कागावाला याची टोचणी होतीच. प्रांताच्या कृषी केंद्रानं उदोनसाठी खास वाण काढलं, त्याचं नाव ‘सानुकी नो युमे २०००’. युमे म्हणजे स्वप्न. वास आणि चव छान, पण ग्लुटेन कमकुवत, लाटताना तुटायचं. कारागीर कुरकुरले. मग सुधारलेलं ‘सानुकी नो युमे २००९’ आलं. ते वापरणारी दुकानं अभिमानानं पाटी लावतात, पण बहुसंख्यांचं पोतं अजून ऑस्ट्रेलियाचंच आहे. माझ्या मते यात लपवण्यासारखं काही नाही. मिरची, बटाटा आणि साबुदाणा परदेशातून आला म्हणून आपली उपासाची थाळी परकी होत नाही.

मग सानुकीचं म्हणायचं ते काय? कागावात विचारलं तर एकच शब्द येईल: कोशी. कोशी म्हणजे शब्दशः कंबर. शेवईला कंबर हवी. दाताखाली आधी मऊ लागायला हवी, मग आत कुठेतरी तिनं दाताला उलट ढकललं पाहिजे. इटालियन पास्त्यासारखी कच्चट कणी नको. पूर्ण शिजलेली, तरी ताठ. यामागचं कारण साधं आहे. जाड शेवई दहा-पंधरा मिनिटं उकळून थंड पाण्यात चोळून धुतली, की तिच्या बाहेरच्या थरात जवळपास ८० टक्के पाणी असतं आणि गाभ्यात ५० टक्क्यांच्या आसपास. हा फरक म्हणजेच कंबर. पण पाणी काही तसंच राहत नाही, ते आत झिरपत जातं. अर्ध्या तासात सगळी शेवई एकसारखी ओलसर होते आणि कंबर मोडते. त्यामुळे चांगल्या दुकानात शेवई थोडी थोडी उकळतात आणि उरलेली जुनी बाजूला काढतात.

या फरकाची तयारी कणकेत होते. पीठ, पाणी, मीठ. बस. मिठाचं प्रमाण मात्र ऋतूप्रमाणे बदलतं, आणि त्यासाठी कारागिरांचं जुनं सूत्र आहे: दो-सान, कान-रोकु. ऐन उन्हाळ्याच्या ‘दोयो’त एक वाटी मिठाला तीन वाट्या पाणी, कडाक्याच्या थंडीत एकाला सहा, एरवी पाच. उकाड्यात कणीक सैलावते, मीठ तिला आवळून धरतं. थंडीत ती मुळातच घट्ट असते. पोळ्यांची कणीक उन्हाळ्यात कशी पटकन सुटते हे ज्यांच्या हाताला कळतं, त्यांना हे सांगायला नको. मग ती कणीक जाड कापडात किंवा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पायांनी तुडवायची. टाचेनं मधून बाहेर, गोल गोल. घडी घालायची, परत तुडवायची. हातांच्या जोरानं ती तेवढी ऐकत नाही. नंतर दोन-तीन तास मुरू द्यायची. मोठ्या दुकानांत तुडवायचं काम आता यंत्र करतं, पण कोनपिराच्या पायथ्याशी कोतोहिरात ‘नाकानो उदोन स्कूल’ आहे, तिथे पर्यटकांना मोठ्यानं गाणी लावून कणकेवर नाचवतात. शेवटी हातात एक लाटणंही देतात.

हे सूत्र पुढे कोर्टकचेरीच्या गोष्टीत परत येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

जपानमध्ये शेवयांच्या वेष्टनांवर काय छापायचं याचे व्यवसायानं ठरवलेले आणि सरकारनं मान्य केलेले नियम आहेत. त्यात सानुकी उदोनची व्याख्या आहे: कागावा प्रांतात तयार झालेला, हातानं केलेला किंवा तशा पद्धतीचा, पिठाच्या वजनाच्या ४० टक्के किंवा जास्त पाणी, ३ टक्के किंवा जास्त मीठ, दोन तास किंवा जास्त मुरवलेला, साधारण पंधरा मिनिटांत नीट शिजणारा. ऐकायला कडक. पण गंमत अशी, की ही अट ‘मूळ गावचा’, ‘खासियत’ असे शब्द छापायचे असतील तरच लागू होते. नुसतं ‘सानुकी उदोन’ कोणीही, कुठेही, कशाचाही करून म्हणावं. सत्तरच्या दशकात तर कागावातल्याच काटोकिची कंपनीनं गोठवलेला सानुकी उदोन घराघरांत नेला. नुकतीच उकळलेली शेवई झटक्यात गोठवली की ती पाण्याची तफावत तशीच थिजते, कंबर शाबूत राहते. फ्रीजरमधला उदोन ताज्याच्या इतका जवळ जातो तो यामुळे. पण नाव एकदा फ्रीजरमध्ये गेलं ते सगळ्यांचंच झालं.

नावाला कुंपण नाही याचे दोन परिणाम झाले.

पहिला तैवानमध्ये. तिथल्या एका खाद्यकंपनीनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ‘सानुकी’ हा शब्दच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून टाकला. काही वर्षांनी एका जपानी माणसानं तैपेइत उदोनचं दुकान काढलं. दुकानाचं नाव ‘दोसान कानरोकु’, म्हणजे वरचं मिठाचं सूत्रच. पाटीवर साहजिकच ‘सानुकी उदोन’. त्याला नोटीस आली: सानुकी म्हणू नका, ते आमचं आहे. ज्याच्या दुकानाचं नावच कागावाच्या कारागिराच्या तोंडचं, त्याला कागावाचं नाव उच्चारायची बंदी. तो लढला, कागावा प्रांत पाठीशी उभा राहिला, आणि २०१० साली तैवानच्या बौद्धिक संपदा कार्यालयानं ती नोंदणी रद्द ठरवली. मुद्दा असा होता की सानुकी हे ठिकाणाचं नाव आहे आणि माल कुठला याबद्दल ग्राहकाचा गैरसमज होऊ शकतो.

दुसरा परिणाम म्हणजे मारुगामे सेइमेन. इथे खटला नाही, फसवणूकही नाही. संस्थापकाचे वडील कागावाचे. त्यानं तिथल्या एका शेवई-कारखान्याबाहेर दूरवरून आलेल्या लोकांची रांग बघितली आणि त्याला नेमकं कळलं की लोक शेवई खायला येतात तितकेच शेवई होताना बघायला येतात. म्हणून त्यानं मध्यवर्ती कारखाना काढलाच नाही. प्रत्येक दुकानात दारातच पिठाचं यंत्र, कापायचं यंत्र, वाफाळणारा हंडा. महाग पडणारा निर्णय. एरवी हिशेबनीस माणूस म्हणेल की एका जागी बनवा आणि ट्रकनं पाठवा. पण कंबर अर्ध्या तासात मोडते. ट्रकनं पाठवली तर उरलं काय? कागावातून त्यानं नेली ती फक्त ही अर्ध्या तासाची अट आणि ‘सेल्फ’ची रांग. गहू होक्काइदोचा धरला. तो काही कागावाच्या हट्टातून आला नव्हता. तरी त्याच्या दुकानातला उदोन सानुकीचाच वाटतो.

कागावाचं स्वतःचं घोडंही शर्यतीत होतं. ‘हानामारु’ ही साखळी ताकामात्सुतच २००० साली निघाली, २००२ साली तोक्योच्या शिबुयात १०० येनला वाडगं देऊन तिनं धमाल उडवली. पुढे ती योशिनोया या बीफ-भाताच्या बलाढ्य कंपनीकडे गेली. म्हणजे घरचं घोडंही शेवटी दुसऱ्याच्याच तबेल्यात.

परदेशात काय बदललं ते बघण्यासारखं आहे. वाइकिकीत तळणाच्या शेजारी स्पॅम मुसुबी, म्हणजे डबाबंद मांसाचा तुकडा ठेवलेला भाताचा गोळा, कारण ते हवाईचं रोजचं खाणं. लंडनमध्ये चिकन कात्सु करी उदोनवर आणि पूर्ण शाकाहारी रस्साही. लंडनचं पाणी जड, त्यात कोम्बु शेवाळाचा स्वाद नीट उतरत नाही, त्यामुळे दाट करीला तिथे आपसूक वजन येतं. यातलं बरंचसं कागावाच्या जुन्या दुकानांत दिसणार नाही. पण दारातलं यंत्र सगळीकडे आहे.

‘अस्सल’ कोण ठरवणार, यात जपान सरकारनंही एकदा हात घालून बघितला. २००६ साली कृषिमंत्र्यांनी परदेशातल्या जपानी उपाहारगृहांना प्रमाणपत्र देण्याची योजना मांडली. अमेरिकेत एका ‘जपानी’ हॉटेलात सुशीशेजारी कोरियन बुलगोगी दिसल्यानं ते अस्वस्थ झाले होते. अमेरिकन वृत्तपत्रांनी त्याला ‘सुशी पोलीस’ म्हणून इतकं टोलवलं की योजना गुंडाळावी लागली. त्या वर्षी जपानबाहेर जपानी खाण्याची सुमारे २४,००० ठिकाणं होती. २०१३ साली, युनेस्कोनं ‘वाशोकु’ला, म्हणजे पारंपरिक जपानी खाण्याला, वारसा यादीत घेतलं त्या वर्षी, ५५,०००. २०२३ साली मंत्रालयाची मोजणी १,८७,००० वर गेली. प्रमाणपत्र द्यायचं तर पोलीस दल केवढं लागलं असतं याचा हिशेब कोणी केला असेल का, कोण जाणे.

आणि कुंपण घातलं की सगळं सुरळीत, असंही नाही. आइची प्रांतातल्या ‘हाच्चो मिसो’ला (मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) २०१७ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा देवदाराच्या पिंपावर दगड रचून दोन वर्षं मुरवणारे ओकाझाकीचे दोन जुने कारखानेच त्या मानांकनाबाहेर राहिले, कारण नोंदणी प्रांतभरच्या संघटनेच्या सैल व्याख्येनं झाली. तेव्हा कागावानं कुंपण घातलं नाही, हा आळस असो वा शहाणपण, त्यातून वाईट झालं असं मला वाटत नाही.

कागावानं वेगळाच डाव खेळला. नाव सगळ्यांनी नेलं ना, मग गाव तर कोणी नेऊ शकत नाही. २०११ साली प्रांतानं गंभीर चेहऱ्यानं जाहीर केलं की आम्ही आता ‘उदोन-केन’, उदोन प्रांत. एका लोकप्रिय नटाला उपराज्यपाल म्हणून मिरवलं. त्याआधीच कोतोहिरातून ‘उदोन टॅक्सी’ सुरू झाली होती. टपावर वाडग्याचा दिवा, आणि चालकाला परवान्यासाठी लेखी परीक्षेबरोबर स्वतः उदोन करून दाखवावा लागतो. ताकामात्सु विमानतळावर तर एक नळ आहे, त्यातून रस्सा येतो. वाइकिकीच्या रांगेत उदोनची गोडी लागलेला माणूस पुढे जपानला आला, तर मूळ कारखाना बघायला ताकामात्सुचं तिकीट काढण्याची शक्यता वाढतेच. दुसऱ्याच्या साखळीनं फुकटात केलेली ही जाहिरात आहे.

घरची बाजू तितकी गोड नाही. मधुमेहाच्या आकडेवारीत कागावा जपानमध्ये वरच्या क्रमांकात राहिलेला आहे, आणि २०१२ पासून प्राथमिक शाळेतल्या चौथीच्या मुलांची रक्ततपासणी सुरू झाली. सकाळी सहाला मैदा आणि खारट रस्सा, सोबत भाताचा मुटका, भाजी शून्य. तळण सोडून. म्हातारे कारागीर दुकानं बंद करतायत, पोरांना पहाटे तीनला कणीक तुडवायची नाही, आणि ३०० येनात गॅस, पीठ आणि मजुरी बसवणं कठीण होत चाललंय. लंडनमध्ये त्याच वाडग्याचे कित्येक पटीनं पैसे देणारं गिऱ्हाईक आहे. ताकामात्सुत वाडगं पन्नास येननं वाढलं तरी गल्लीत चर्चा होते.

इकडून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. साधा दिसणारा ‘काके’, म्हणजे नुसता रस्सा घातलेला उदोन, शाकाहारी नाही, त्यात इरिको आहे. टेबलावरच्या ‘दाशी-जोयु’च्या, म्हणजे रस्सा मिसळलेल्या सोया सॉसच्या बाटलीतही बहुधा मासळी असते. थंड ‘की-जोयु’ उदोन मागायचा, म्हणजे निव्वळ सोया सॉस, वर लिंबासारख्या सुदाची फळाचे चार थेंब, किसलेला मुळा. पाच मिनिटांत संपवायचा, गप्पा मारत बसायचं नाही. मागे रांग असते आणि दीड वाजता पीठ संपतं.